पीडीएफला हात लावण्याआधी ती आतून बघा: लिनक्सच्या टर्मिनलवरची साधनं

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूर, नांदेड, बीडच्या सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत एकच तक्रार ऐकू येते: "फाइल मोठी आहे, अपलोड होत नाही." मग टीसी, उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, आधार, सगळं कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर चढवायचं आणि लहान करून परत उतरवायचं. ती वेबसाइट कुणाची आहे, आपल्या आधारची प्रत तिच्याकडे किती दिवस पडून राहते, हे कुणी विचारत नाही. खरं तर हे काम आपल्याच संगणकावर, नेट बंद असतानाही, एका ओळीत होतं. लिनक्सवर त्यासाठी लागणारी साधनं मोफत आहेत आणि वर्षानुवर्षं वापरून घासून निघालेली आहेत.

कमांड पाठ करणं हा यातला सोपा भाग. लोक अडकतात ते दुसरीकडेच. 'पीडीएफ' या एकाच नावाखाली चार अगदी वेगळ्या गोष्टी फिरत असतात. एक, संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करून बनवलेली. दुसरी, स्कॅनरने किंवा मोबाइलने काढलेले फोटो एका फाइलीत कोंबलेली. तिसरी, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. दिसायला मराठी, आत मात्र भलतंच. आणि चौथी, डिजिटल स्वाक्षरी असलेली. एकीला चालणारा उपाय दुसरीवर निकामी ठरतो आणि चौथीवर तर नुकसानच करतो. म्हणून आधी फाइल आतून बघायची, मग साधन उचलायचं.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. खाली वेगळ्या ओळीत दिलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. साधनाचं नाव सलग लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. 'पीडीएफटूटेक्स्ट'मधला 'टू' टी-ओ असा अक्षरांत आहे, 'पीएस२पीडीएफ'मधला अंकात. 'जुनी' आणि 'नवी' या जागी आपापल्या फाइलींची नावं घाला.

बसवणं

उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन किंवा डेबियनवरच उभी असलेली सी-डॅकची बॉस, यांपैकी कुठलीही लिनक्स असेल तर टर्मिनल उघडून या दोन ओळी पुरतात:

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल पॉप्लर-युटिल्स क्यूपीडीएफ घोस्टस्क्रिप्ट आयएमजी२पीडीएफ ओसीआरमायपीडीएफ टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर

पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. ते तसंच असतं. टाइप करून एंटर मारा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर 'एपीटी' या साधनं बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जागी 'डीएनएफ' येतं आणि मराठीच्या पॅकेजचं नाव टेसरॅक्ट-लँगपॅक-एमएआर असं आहे.

'लॉक मिळत नाही' असा संदेश आला तर मागे दुसरं काहीतरी अपडेट चालू आहे, बहुधा उबुंटूचं आपोआप होणारं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. ती लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला नेटवर जागोजागी सापडतो, तो ऐकू नका. दोन अपडेट एकाच वेळी चालली तर पॅकेजांचा हिशेब बिघडतो. दुसरी अडचण आपल्याकडची नेहमीची: पॅकेज बसत असताना लाइट गेली. परत आल्यावर एपीटी पुढे सरकत नाही, कारण काही पॅकेजं अर्धवट बसलेली असतात. त्यावर उपाय या दोन ओळी, याच क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

शेवटी 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज' चालवून यादीत एम-ए-आर दिसतं का ते पाहा. ते नसेल तर पुढे मराठी वाचून घेताना सगळा खेळ फसेल.

आतून बघणं

पॉप्लर-युटिल्स या पॅकेजात डझनभर लहान साधनं आहेत. त्यांतली चार फक्त बघण्यासाठी आहेत, ती फाइलीत काहीही बदलत नाहीत. पहिलं:

पीडीएफइन्फो जुनी.पीडीएफ

यात पानांची संख्या, पासवर्ड आहे की नाही, फाइल कशाने बनवली आणि पानाचा आकार दिसतो. आकार पॉइंटात असतो, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-४ असेल तर साधारण ५९५ गुणिले ८४२. तिथे २४८० गुणिले ३५०८ असं काही दिसलं तर थांबा: हे पान ३४ इंच रुंद आणि ४८ इंचांहून जास्त उंच आहे, म्हणजे भिंतीवरच्या फ्लेक्सएवढं. मोबाइलची काही अ‍ॅप फोटोचा एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट धरून पीडीएफ बनवतात, त्यातून हे होतं. पडद्यावर काही वेगळं जाणवत नाही, पण फाइल लहान करताना हीच गोष्ट आडवी येते. त्याबद्दल पुढे येतंच.

दुसरं साधन सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं:

पीडीएफइमेजेस -लिस्ट जुनी.पीडीएफ

फाइलीतल्या प्रत्येक चित्राची एक ओळ येते. समजा एका स्कॅन केलेल्या गुणपत्रिकेची ओळ अशी आहे: पान १, रुंदी २४८०, उंची ३५०८, रंग आरजीबी, एन्कोडिंग जेपेग, एक्स-पीपीआय ३००, वाय-पीपीआय ३००, साइज १.१ एम. याचा अर्थ पूर्ण पान म्हणजे एकच रंगीत फोटो, इंचाला ३०० ठिपके, आणि वजन सगळं त्याचंच. 'एन्कोडिंग'च्या रकान्यात जेपेगऐवजी नुसतं 'इमेज' असेल तर चित्र जवळपास कच्चंच भरलंय. अशी फाइल लहान करताना मोठा फरक पडतो. 'बीपीसी' रकान्यात १ असेल तर स्कॅन निव्वळ काळं-पांढरं आहे, ते आधीच हलकं असतं. यादी रिकामीच आली तर फाइलीत फोटो नाहीत, मजकूर आहे. तिला लहान करायच्या भानगडीत सहसा पडू नये.

तिसरं, 'पीडीएफफॉन्ट्स', फॉन्टांची यादी देतं. त्यातले तीन रकाने बघायचे. 'ई-एम-बी'खाली 'नो' असेल तर फॉन्ट फाइलीत भरलेला नाही. दुसऱ्या संगणकावर किंवा छापखान्यात अक्षरं बदलतील किंवा चौकोन उमटतील. 'एस-यू-बी' म्हणजे फॉन्टाची फक्त लागणारी अक्षरं भरली आहेत, त्यात बिघडलेलं काही नाही. अशा फॉन्टाच्या नावाआधी सहा मोठी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसतं. 'यू-एन-आय' हा रकाना सांगतो की आकृतीवरून युनिकोड अक्षराकडे नेणारा तक्ता फाइलीत आहे का. मराठी मजकूर कॉपी होणार की नाही याचा पहिला सुगावा इथे लागतो.

चौथं, आणि कागदपत्रांच्या बाबतीत पहिलं वापरावं असं:

पीडीएफसिग जुनी.पीडीएफ

महाभूमीवरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ई-आधार, असे कागद इथे ओळखू येतात. ही स्वाक्षरी पानावरचं हिरवं टिकमार्क नव्हे. ती फाइलीतल्या बाइट्सवर केलेली गणिती मोहर आहे. फाइल लहान केली, दुसऱ्या फाइलीला जोडली, एक पान फिरवलं, पासवर्ड काढला, यांपैकी काहीही केलं की मोहर तुटते किंवा गायब होते, पण टिकमार्कचं चित्र तसंच राहतं. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि तपासणीत मात्र कागद नुसती प्रत ठरतो. म्हणून पीडीएफसिगने स्वाक्षरी दाखवली तर मूळ फाइल बाजूला जपून ठेवा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा. प्रमाणपत्र देणारा ओळखीचा नाही असा शेरा आला तर घाबरू नका: आपल्या संगणकाकडे त्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र नाही एवढाच त्याचा अर्थ. स्वाक्षरी वैध आहे की नाही हे ते वेगळ्या ओळीत सांगतं.

लहान करणं, आणि ते का होत नाही

यासाठी घोस्टस्क्रिप्ट. नेटवर त्याची लांबलचक ओळ सापडते. त्याच पॅकेजात येणारी पीएस२पीडीएफ ही छोटी कमांड तेच काम करते आणि पीडीएफसुद्धा इनपुट म्हणून घेते:

पीएस२पीडीएफ -डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक जुनी.पीडीएफ नवी.पीडीएफ

यात 'डी' लहान, 'पीडीएफसेटिंग्ज' पूर्ण मोठ्या अक्षरांत आणि 'ईबुक' परत लहान. 'ईबुक' रंगीत आणि राखाडी चित्रं इंचाला १५० ठिपक्यांवर आणतं, 'स्क्रीन' ७२ वर, 'प्रिंटर' ३०० वर. दाखले आणि गुणपत्रिकांसाठी 'ईबुक' बरोबर बसतं. 'स्क्रीन'ने बारीक अक्षर, शिक्का आणि क्यूआर कोड वाचता येत नाहीत. अर्ज परत येण्यापेक्षा चार केबी जास्त असलेले बरे.

दोन्हीकडे एकच नाव देऊ नका. घोस्टस्क्रिप्ट लिहायची फाइल आधी रिकामी करतं आणि मग वाचायला जातं, तोवर वाचायला काही उरलेलं नसतं.

आता नेहमीचा प्रश्न: "ईबुक लावलं तरी साइज तेवढीच राहिली." याची कारणं पीडीएफइमेजेसच्या यादीतच असतात. घोस्टस्क्रिप्ट चित्राचे ठिपके तेव्हाच कमी करतं जेव्हा ते ठरवलेल्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त असतात. 'ईबुक'साठी १५० ची दीडपट म्हणजे २२५. तुमचं स्कॅन २०० ठिपक्यांचं असेल तर ते उंबऱ्याच्या आतच राहतं आणि जसंच्या तसं पुढे जातं. चित्र जेपेग असेल आणि त्याचे ठिपके कमी करायचे नसतील, तर घोस्टस्क्रिप्ट ते उलगडून पुन्हा दाबतही नाही. त्याचा हेतू चांगला आहे, प्रत्येक वेळी दाबलं की जेपेगचा दर्जा घसरतो, पण आपलं काम अडतं. तेव्हा आकडा आणि उंबरठा दोन्ही स्वतः सांगायचे:

पीएस२पीडीएफ -डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक -डीकलरइमेजरिझोल्यूशन=११० -डीकलरइमेजडाउनसॅम्पलथ्रेशोल्ड=१.० जुनी.पीडीएफ नवी.पीडीएफ

इथे नंतरच्या दोन पर्यायांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि शब्द सलग जोडलेले. यादीत रंग 'ग्रे' दिसत असेल तर दोन्ही ठिकाणी 'कलर'च्या जागी 'ग्रे' लिहावं लागतं. राखाडी चित्रांवर कलरचा पर्याय काहीच करत नाही आणि तसं सांगतही नाही. रंगाची गरज नसेल तर '-एसकलरकन्व्हर्जनस्ट्रॅटेजी=ग्रे' (एस लहान) जोडून पूर्ण फाइल राखाडी करता येते. निळ्या शाईची सही आणि जांभळा शिक्का रंगीत हवा असं कुठे कुठे सांगतात, तिथे हे करू नका.

आता ते ३४ इंची पान. त्यात २४८० पिक्सेल ३४ इंचांवर पसरलेले असतात, म्हणून यादी ७२ पीपीआय दाखवते. घोस्टस्क्रिप्टच्या हिशेबी हे चित्र आधीच हलकं आहे, मग ते कशाला काही कमी करेल? उपाय असा की फोटो मूळ रूपात बाहेर काढायचे आणि ए-४ वर नव्याने बसवायचे:

पीडीएफइमेजेस -ऑल जुनी.पीडीएफ पान

आयएमजी२पीडीएफ --पेजसाइझ ए४ पान-*.जेपीजी -ओ मधली.पीडीएफ

('ए४'मधला ए मोठा.) पहिली ओळ पान-०००, पान-००१ अशा फाइली काढते. मधल्या फाइलीवर मग नेहमीचं पीएस२पीडीएफ चालवा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो, ३००० गुणिले ४००० पिक्सेलांचा, ए-४ च्या रुंदीत बसवला की साधारण ३६० पीपीआय होतो. तो उंबऱ्याच्या बराच वर आहे, त्यामुळे आता ईबुक आपलं काम करतं.

फोटोंची पीडीएफ करायला बरेच जण इमेजमॅजिकची 'कन्व्हर्ट' वापरतात. तीत दोन अडचणी आहेत. ती चित्र उलगडून पुन्हा दाबते. शिवाय घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटींमुळे २०१८ पासून उबुंटूने तिला पीडीएफला हात लावायला बंदी घातली होती, म्हणून 'सिक्युरिटी पॉलिसी'चा संदेश येतो. ती पॉलिसीची फाइल उघडून बंदी उठवण्याची गरज नाही. आयएमजी२पीडीएफ जेपेगचे बाइट्स जसेच्या तसे पीडीएफमध्ये ठेवतं, क्षणात काम होतं आणि दर्जा तसूभर कमी होत नाही. फक्त पारदर्शक पीएनजी काही आवृत्त्यांत ते नाकारतं.

उलट दिशेने, पोर्टलला पीडीएफऐवजी जेपेग हवं असेल तर:

पीडीएफटूपीपीएम -जेपेग -आर १५० -सिंगलफाइल जुनी.पीडीएफ नवी

जोडणं, तोडणं, फिरवणं

इथे क्यूपीडीएफ. ते चित्रांना आणि अक्षरांना हातच लावत नाही, फक्त पानांची मांडणी बदलते, त्यामुळे दर्जा कमी होण्याचा प्रश्न येत नाही. निजामकाळातल्या नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात अनेकांच्या हाती जुन्या रजिस्टरांची स्कॅन आली आहेत. अशा तीनशे पानी फाइलीतून आपल्या घराण्याची नोंद असलेली तीन पानं काढायची तर:

क्यूपीडीएफ जुनी.पीडीएफ --पेजेस . १४३-१४५ -- नवी.पीडीएफ

मधला टिंब म्हणजे 'हीच फाइल'. पानांची यादी संपल्यावर येणारे दोन डॅश विसरले की क्यूपीडीएफ नव्या फाइलीचं नावही यादीतलंच समजतं आणि चुकीचा संदेश देऊन थांबतं. सुरुवातीच्या बहुतेक चुका इथेच होतात. दुसरी चूक पानाच्या आकड्याची: रजिस्टरवर हाताने घातलेला पृष्ठक्रमांक आणि पीडीएफमधला क्रमांक वेगळे असतात. कव्हर आणि कोरी पानंसुद्धा मोजली जातात. पीडीएफ वाचकात खाली किंवा वर दिसणारा आकडा घ्या.

वेगवेगळ्या फाइली एकत्र करताना:

क्यूपीडीएफ --एम्टी --पेजेस टीसी.पीडीएफ दाखला.पीडीएफ १-२ आठअ.पीडीएफ -- नवी.पीडीएफ

पानं दिली नाहीत तर पूर्ण फाइल येते. 'झेड' म्हणजे शेवटचं पान, 'आर२' म्हणजे शेवटून दुसरं, आणि 'झेड-१' लिहिलं की पानं उलट्या क्रमाने येतात. एकाच बाजूने स्कॅन करणाऱ्या फीडरवाल्या यंत्रासाठी हे फार उपयोगी आहे. आधी सगळ्या पुढच्या बाजू स्कॅन केल्या, मग गठ्ठा उलटून मागच्या बाजू, तर दुसरी फाइल उलट्या क्रमाने येते. दोन्ही एकाआड एक विणायच्या असतील तर:

क्यूपीडीएफ --कोलेट --एम्टी --पेजेस पुढचे.पीडीएफ मागचे.पीडीएफ झेड-१ -- नवी.पीडीएफ

आडवं पान उभं करायला '--रोटेट=+९०:२' म्हणजे दुसरं पान घड्याळाच्या दिशेने ९० अंश. अधिकचं चिन्ह असेल तर आत्ताच्या स्थितीत भर पडते. ते गाळलं तर आधीचं फिरवणं विसरून थेट ९० वर ठेवलं जातं.

पॉप्लरमधली पीडीएफयुनाइट जोडण्यासाठी सोपी वाटते, पण ती शेवटचं नाव बनवायची फाइल म्हणून धरते. 'पीडीएफयुनाइट *.पीडीएफ' असं नुसतं लिहिलं की फोल्डरातली शेवटची मूळ फाइल पुसली जाण्याची पाळी येते. आणि ताऱ्याचा क्रम अक्षरांचा असतो: १, १०, ११, मग २. फाइलींना ०१, ०२ अशी नावं दिली की तो प्रश्न मिटतो.

नावांबद्दल आणखी एक. 'सातबारा उतारा नवा' असं जागा सोडलेलं नाव टर्मिनलला तीन वेगळी नावं वाटतात, म्हणून ते दुहेरी अवतरणात घाला. देवनागरी नावं चालतात, पण बऱ्याच टर्मिनलांत काना-मात्रा विस्कटलेल्या दिसतात. पहिलं अक्षर टाइप करून टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप भरतं.

मराठी मजकूर बाहेर काढताना

पीडीएफ अडोबीने १९९३ मध्ये आणली, २००८ मध्ये ती आयएसओचं मानक झाली. तिचा मूळ हेतू पान सगळीकडे सारखं दिसावं हा. त्यामुळे तिच्यात 'शब्द' नसतात. अमुक आकृती पानावर अमुक जागी काढा, एवढंच असतं. इंग्रजीत एक आकृती एक अक्षर, म्हणून उलटा प्रवास सोपा. मराठीत 'क्ष', 'त्र', 'र्थ' यांच्या जोडून झालेल्या आकृत्या असतात आणि ऱ्हस्व वेलांटी पानावर अक्षराच्या आधी काढली जाते पण युनिकोडमध्ये साठवली जाते नंतर. मजकूर काढून बघा:

पीडीएफटूटेक्स्ट -लेआउट जुनी.पीडीएफ -

शेवटचा एकटा डॅश म्हणजे फाइल न बनवता पडद्यावरच दाखव. निकाल चार प्रकारचे येतात. मजकूर नीट आला तर उत्तम. वेलांट्या भलत्या अक्षरावर बसल्या, रफार आणि जोडाक्षरं तुटली, तर फाइल युनिकोडची आहे पण आतला तक्ता कच्चा आहे. आणि इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा कचरा आला तर ती जुन्या फॉन्टातली आहे: पीडीएफफॉन्ट्सच्या यादीत श्रीलिपी, डीव्ही-टीटी, शिवाजी, कृतिदेव अशा कुळांची नावं दिसतील. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या भरलेल्या असतात. तिथे 'यू-एन-आय'खाली 'येस' असलं तरी हुरळून जाऊ नका, तक्ता इंग्रजी अक्षरांकडेच नेतो.

काही आलंच नाही, तर फाइल म्हणजे निव्वळ फोटो. स्कॅनच्या बाबतीत हे अपेक्षितच असतं. तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली छापील अक्षरं ओळखून मजकूर बनवणं:

ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर+ईएनजी --डेस्क्यू --रोटेट-पेजेस --साइडकार मजकूर.टीएक्सटी जुनी.पीडीएफ नवी.पीडीएफ

पान जसंच्या तसं दिसतं, पण त्यावर न दिसणारा मजकुराचा थर चढतो. आता फाइलीत शोधता येतं, आणि साइडकारमुळे मजकूर वेगळ्या फाइलीतही मिळतो. 'डेस्क्यू' तिरकं पान सरळ करतं. स्कॅन ३०० ठिपक्यांचं असावं. म्हणून क्रम नीट धरा, आधी ओसीआर, मग लहान करणं. उलट केलं तर ओळखायला अक्षरच उरत नाही. जुन्या संगणकावर '--जॉब्ज २' जोडा, नाहीतर सगळे कोअर आणि मेमरी एकदम गिळली जाते.

'पानावर आधीच मजकूर आहे' असं म्हणून ते थांबलं तर तीन वाटा आहेत. काही पानं स्कॅन आणि काही टाइप केलेली असतील तर '--स्किप-टेक्स्ट', मजकुराची पानं ते सोडून देतं. आधी कुणीतरी वाईट ओसीआर केलेलं असेल तर '--रीडू-ओसीआर', मात्र त्याच्यासोबत डेस्क्यू चालत नाही. आणि जुन्या फॉन्टातल्या किंवा तुटक्या तक्त्याच्या फाइलीसाठी '--फोर्स-ओसीआर': ते पानाचा फोटो करून पुन्हा वाचतं. फाइल फुगते, पण कचऱ्याच्या जागी मराठी मिळतं, आणि जुनी परिपत्रकं शोधण्याजोगी करायला मला यापेक्षा खात्रीची वाट दिसत नाही.

निकाल आंधळेपणाने वापरू नका. घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतो. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, तारीख हे आकडे मूळ पानाशी डोळ्यांनी ताडून बघावेच लागतात. आणि निजामकाळातल्या रजिस्टरांवर याचा भरवसा धरू नका. टेसरॅक्ट छापील अक्षरांसाठी बनलंय, हस्ताक्षरासाठी नाही. उर्दूचा भाषासंच त्याच्याकडे आहे, पण घाईत लिहिलेली शिकस्ता वळणाची नोंद त्याला लागत नाही, आणि मोडीचा तर संचच त्याच्यासोबत येत नाही. तिथे योग्य पान वेगळं काढून मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्या जाणकाराकडे नेणं हाच मार्ग. पीडीएफटूपीपीएमने ३०० वर काढलेली मोठी प्रत दिली की त्यांना वाचायला सोपं जातं.

पासवर्ड, आणि एका दमात पन्नास फाइली

पासवर्ड माहीत असलेली फाइल उघडी करायला:

क्यूपीडीएफ --पासवर्ड=गुप्त --डिक्रिप्ट जुनी.पीडीएफ नवी.पीडीएफ

ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष असा असतो. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड टर्मिनलच्या इतिहासात राहतो आणि वरचा बाण दाबला की पुढच्या माणसाला दिसतो. उबुंटूवर ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडून टाइप केलं तर ती ओळ इतिहासात जात नाही. सेतू केंद्राच्या सामाईक संगणकावर ही सवय हवीच, आणि काम झाल्यावर उघडी केलेली फाइलही पुसायला हवी.

फाइली पुष्कळ असतील तर फोल्डरात जाऊन:

एमकेडीआयआर लहान

फॉर एफ इन *.पीडीएफ; डू पीएस२पीडीएफ -डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक "$एफ" "लहान/$एफ"; डन

डॉलरच्या भोवतीची अवतरणं गाळू नका, जागा असलेली नावं तिथेच मोडतात. मूळ फाइली जागेवर राहतात, लहान केलेल्या वेगळ्या फोल्डरात जमतात. 'एलएस -एलएच लहान' चालवून साइज बघा. एखादी फाइल मूळपेक्षा मोठी झाली असेल तर ती मजकुराची होती, तिची मूळ प्रतच वापरा. शून्य केबीची दिसली तर मूळ फाइल 'क्यूपीडीएफ --चेक'ने तपासा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल तिथे लगेच पकडली जाते. आणि स्वाक्षरी असलेले सातबारे या फोल्डरात ठेवूच नका.